सत्तावन्नाचे पंचावन्न

माझा थोरला नातू विश्वजित याचं लग्न २०२३ च्या वैशाखात झालं. अक्षता पडायच्या आधीच माझी बायको हरणाबाई मांडवात खाली बसली. तिला श्वास पुरेना. लग्नाची गडबड सरल्यावर तिला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेली आहेत, ती आता बरी होणार नाहीत. घरी ऑक्सिजनचं मशीन लावा आणि रात्रभर चालू ठेवा, म्हणजे निभेल.

मशीन विजेवर चालतं. आमची वाडी जतच्या पूर्वेला, बावीस घरांची, सगळे धनगर. तारेवरची वीज वारा सुटला की जाते. पण शाळेच्या छपरावर एका संस्थेनं पूर्वी सोलरच्या प्लेटा बसवून दिल्या होत्या आणि मागच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग होती. दिवसा ऊन बॅटरीत भरायचं आणि रात्री ते घराघरात वाटायचं, हे काम भिंतीवरचा एक डबा करायचा. त्या डब्यावर हरणाबाईची रात्र निघायची.

सप्टेंबरात मल्हारच्या मोबाइलवर संदेश आला. मल्हार आमच्या शेजारचा, बॅटरीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं. डबा बनवणारी कंपनी बंद होत होती. डब्याला दर महिन्याला कंपनीच्या कॉम्प्युटरकडून परवानगी लागायची, आणि ऑक्टोबर संपला की ती मिळणार नव्हती. प्लेटा चांगल्या, बॅटऱ्या चांगल्या, तरी डबा बंद पडणार. मल्हार म्हणाला, ही तर विहीर आपली आणि पोहरा त्यांचा अशी गत झाली.

माझी नात सृष्टी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. ती दोन दिवसांची सुट्टी काढून आली आणि डबा उघडून बसली. तिनं सांगितलं, युरोपात बऱ्याच खेड्यांतले लोक आपली वीज आपणच तयार करतात आणि आपसांत वाटून घेतात. त्यांनी अशा डब्यासाठी एक प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. कुणीही घ्यावा, आत काय आहे ते बघावं, दुरुस्त करावा. अट एवढीच की केलेली दुरुस्ती सगळ्यांना दाखवायची. हॉलंडमधला हेंड्रिक नावाचा माणूस तो सांभाळतो. त्याच्या गावात चाळीस घरं त्यावर चालतात.

सृष्टीनं त्याला लिहिलं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आमच्याकडच्या जातीची बॅटरी त्यांच्याकडं कुणाकडंच नव्हती. ती किती भरली म्हणजे किती व्होल्ट दाखवते, हे त्याला ठाऊक नव्हतं. जुना डबा चालू आहे तोवर दहा दिवस, दर अर्ध्या तासानं, मीटर लावून आकडे लिहून पाठवा, म्हणाला.

हे काम माझ्याकडं आलं. मी साक्षरतेच्या वर्गात बाराखडी शिकलो तेव्हा बावन्न वर्षांचा होतो, पण आकडे मला अक्षरांपेक्षा लवकर आले. घर शाळेसमोर, आणि मेंढरं आता मुलगा बघतो. सृष्टीनं मीटरच्या लाल-काळ्या तारा कुठं टेकवायच्या ते दाखवलं आणि ती पुण्याला गेली. मी दहा दिवस वहीत आकडे लिहिले. विश्वजित संध्याकाळी पानाचा फोटो काढून तिला पाठवायचा. ती ते सगळ्यांना दिसतील अशा जागी टाकायची, खाली माझं नाव घालून. धुळा, जत तालुका.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती परत आली. कंपनीचा डबा काढून तिनं हेंड्रिकचा प्रोग्राम घातलेला पंज्याएवढा कॉम्प्युटर बसवला. पहिले दोन दिवस दिवे लागले, वाडी खूश झाली, आणि ती गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी संपली. तारेवरची वीजही नव्हती. हरणाबाईचे ओठ निळे पडले तेव्हा सुनेला जाग आली. घरात अडीअडचणीला ठेवलेला एक सिलिंडर होता, तो लावला. पुढं रोज तेच व्हायला लागलं. सिलिंडर भरून आणायला मिरज गाठावी लागे. मुलाच्या दोन खेपा झाल्या.

मल्हार म्हणाला, फुकटचं ताक पातळच असायचं. तिकडं हेंड्रिक चार दिवस आपल्याच प्रोग्राममध्ये चूक शोधत होता. त्यानं सृष्टीला लिहिलं की दोष माझाच असणार, आजीबाईंना त्रास झाला, माफ करा. त्यानं हेही लिहिलं की पोर्तुगालमधल्या एका गावानं याच जातीच्या बॅटऱ्या घेतल्या आहेत आणि ते आमचेच आकडे वापरणार आहेत. हे सगळं सृष्टी फोनवर वाचून दाखवत होती. मी खाटेवर बसून ऐकत होतो. हरणाबाई समोर भिंतीला टेकून बसली होती. फोन बंद झाल्यावर ती माझ्याकडं वळली.

"आवं, खरं सांगा. तुमी आकडं हायत तसं लिवलं, का मेंढरावानी?"

"मेंढरावानी," मी म्हणालो.

आमच्यात मेंढरांचा पुरा आकडा परक्याला सांगत नाहीत. दृष्ट लागते. माझ्या वडिलांकडं दीडशे मेंढरं होती तेव्हा कुणी विचारलं तर ते म्हणायचे, हायत शंभरभर. पलूसकडं उसाच्या रानात आम्ही खतासाठी कळप बसवायचो. मालक मेंढरांच्या आकड्यावर धान्य द्यायचा, तिथंही वडील कमीच सांगायचे. धान्य कमी मिळायचं, चालायचं. मीही जन्मभर तेच केलं. सकाळी बॅटरी उतरलेली असायची, तेव्हाचे आकडे मी खरे लिहिले, कारण रिकाम्या गोष्टीला दृष्ट लागत नाही. पण दुपारी ती पुरी भरून सत्तावन्न व्होल्ट दाखवू लागली की माझा हात थांबायचा. त्या बॅटरीवर घरातल्या माणसाचा श्वास चालला होता, आणि कुठल्या कुठल्या मुलखातले लोक तो आकडा बघणार होते. मी पंचावन्न लिहायचो. कधी चोपन्न. दोन-तीननं काय बिघडतंय, असं वाटलं होतं. त्यामुळं नवा डबा पंचावन्नला बॅटरी भरली असं समजून भरणं थांबवत होता, आणि रोज वरचा भाग रिकामा राहत होता.

"आता कसं सांगायचं? लोक हसतील," मी म्हणालो.

"हसू द्या की. मेंढराला हगवण लागली तर कुठला पाला चारायचा, ते आपन धनगरांच्या वाड्यावाड्यावर सांगतुया. पाला चुकीचा सांगिटला तर लोकांची मेंढरं मरत्यात." तिला खोकला आला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "त्या पोर्तुगालातबी माज्यासारकी एकादी म्हातारी आसंल."

मी मल्हारला बोलावलं आणि त्याच्यासमोर सृष्टीला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल.

"आबा, हे मला जसंच्या तसं लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी. आणि ते पुसता येत नाही, कायम राहतं."

"लिही बाय. दृष्टीचंबी लिही, न्हाईतर त्यास्नी वाटंल म्हाताऱ्याला वाचता येत न्हाई."

मल्हार हसायला लागला. म्हणाला, "धुळाआबा, वय किती सांगिटलंय तितं? त्येबी कमीच आसंल." पण दुसऱ्या दिवशी तो स्वतः माझ्याबरोबर खोलीत येऊन बसला.

सृष्टीनं पुण्यातूनच नव्या डब्याला वरपर्यंत भरायची मोकळीक दिली. मी पुन्हा आकडे लिहिले. या वेळी मी वाचायचो, मल्हार बघायचा, मग लिहायचो. पहिल्यांदा सत्तावन्न लिहिताना पेन जड झालं, खोटं कशाला सांगू. हरणाबाईनं मीठ-मोहऱ्या आणून बॅटऱ्यांवरून उतरून टाकल्या. शाळेचे मास्तर बघत उभे राहिले.

हेंड्रिकचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की हॉलंडात लोक आकडा कमी सांगतात तो फक्त करवसुलीच्या माणसाला. मग त्यानं प्रोग्राममध्ये एक नवी सोय केली. आता हातानं लिहिलेले आकडे आणि डब्यानं स्वतः मोजलेले आकडे जुळले नाहीत, तर प्रोग्राम आधी विचारतो. ती सोय सगळ्यांना मिळाली. पोर्तुगालच्या लोकांनी जुने आकडे घेतले नव्हते, थोडक्यात वाचलं.

दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी नवे आकडे घातले. बॅटरी पुरी भरू लागल्यापासून मशीन रोज सकाळपर्यंत चाललं. सिलिंडर कोपऱ्यात पडून राहिला, त्यावर सून धुतलेल्या पिशव्या वाळत घालायची. हरणाबाई दिवसा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी गोष्ट सांगायची आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर घालायची. पुढच्या वर्षी विश्वजितला मुलगी झाली, तिला मांडीवर घेऊन हरणाबाईनं बारसं केलं.

फुप्फुसं मात्र डॉक्टरांनी सांगितलं तशीच होती. पुढच्या थंडीत तिला दिवसाही मशीन लागायला लागलं. हरणाबाई ६ मार्च २०२५ रोजी, गुरुवारी, दुपारी घरीच वारली. तेव्हा मशीन चालू होतं.