मडक्यातला बल्ब

१९८६ साली कोरब्याजवळच्या कोसमडीह गावात विजेची मुळीच कमतरता नव्हती. घरांच्या डोक्यावरून जाड तारा गेल्या होत्या आणि वीजघरातली वीज त्यांतून गुणगुणत भोपाळ-इंदूरला जात होती. गावाच्या वाट्याला राख होती. तिच्यासाठी मात्र अर्ज लागत नसे. वाळत घातलेल्या वड्यांवर, पाण्यावर, म्हाताऱ्यांच्या छातीत, सगळीकडे ती घरपोच मिळे.

बिसाहिनबाई कोशाचं रेशीम मांडीवर वळून पोट भरी. डोळे अधू होत चालले होते, संध्याकाळी रॉकेलच्या ढिबरीच्या उजेडात धागा दिसेना. एका बल्बसाठी ती सात वर्षं वीजघराचे उंबरे झिजवत होती.

त्या श्रावणात वीजघरातले निगम साहेब स्वतः दारात आले. "बाई, भाग्य उघडलं तुमचं! उद्या भोपाळचे पाहुणे येताहेत. गावातला पहिला दिवा तुमच्या घरी. तो लागला की घरोघरी."

"कुठं लावणार?"

"ओसरी गळते तुमची. आतल्या खोलीत."

आतल्या खोलीत गावाची भोजली देवी बसली होती. टोपलीत पेरलेला तो गहू बायकांनी आठवडाभर अंधारात, हळदीचं पाणी शिंपडून वाढवला होता. रोपं सोन्यासारखी पिवळी निघाली तर वर्ष चांगलं. उजेड लागून हिरवी पडली, तर वर्षभर जे काही बिघडेल ते बिसाहिनमुळे. विसर्जन परवा होतं.

"एक दिवस थांबा ना, साहेब."

"पाहुण्यांच्या तारखा गव्हाला विचारून ठरतात होय?"

माणसं बल्ब टांगून गेली. मनटोरा आली. दोघींनी लहानपणी एकमेकींच्या कानात भोजली खोवली होती, तेव्हापासून त्या एकमेकींचं नाव घेत नसत, 'भोजली' म्हणूनच हाक मारत.

"सीताराम, भोजली. आता काय, देवीला डोळे मिटायला सांगतेस?"

"तू तोंड मीट आणि ते काळं मडकं दे इकडे."

मडक्यात बल्ब घालून त्यांनी ते आढ्याला घट्ट बांधलं, वर गोणपाट गुंडाळलं, दाराला घोंगडी लावली.

पाहुणे आले. ओसरीवरचं बटण दाबलं गेलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. पाहुण्यांनी घोंगडीकडे मान वळवली तशी बिसाहिन पुढं झाली. "आत देवी आहे, मालक. बूट काढावे लागतील."

पाहुण्यांनी आपल्या बुटांच्या लांबलचक नाड्यांकडे पाहिलं. निगम साहेबच घाईनं म्हणाले, "राहू द्या सर, श्रद्धेचा प्रश्न आहे." पाहुण्यांनी बेसनाची ठेठरी चाखली आणि ते गाडीत बसले. निगम साहेब किती भला माणूस, बिसाहिनला वाटलं. आपण त्याला फसवलं म्हणून रात्री तिला भात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी भोजली पिवळीधमक निघाली. तळ्यावर विसर्जन करून दोघी परतल्या, मडकं सोडलं, बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. मनटोरा बाहेर जाऊन वर बघून आली आणि उंबऱ्यावरच बसली. घरातून निघालेली वायर खांबापर्यंत जाऊन तिथं सुतळीनं नीट बांधून ठेवली होती. तारेला तिचा स्पर्शही नव्हता.

"अगं भोजली," हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, "मडकं नसतं, तर तो मेला निगम पाहुण्यांसमोरच उघडा पडला असता! नोकरी वाचवलीस की गं त्याची!"

बिसाहिन तडक वीजघरात गेली. निगम साहेबांनी शांतपणे सांगितलं, "गावात वीज आली, असं कागदावर आहे. पाहुण्यांनी स्वतः बटण दाबलं. त्यांना खोटं पाडता?"

निगम साहेबांना पुढं बढती मिळाली. पाहुण्यांचा फोटो वीजघराच्या भिंतीवर लागला. वीजघराच्या राखेचा तलाव वाढत गावापर्यंत आला तसं कोसमडीह उठवलं गेलं. मनटोरा लेकीकडे गेली आणि तिथंच वारली. नव्या वस्तीत वीज आली तेव्हा बिसाहिनला दिसायचं बंद झालं होतं. नातसून आनंदानं ओरडली, "आजी, लागला गं दिवा!"

"बूट काढून आत जा," बिसाहिन म्हणाली, "आणि हात लावून बघ, गरम आहे का."