पावणेसातची बोट

एक जानेवारीला सकाळी पावणेसात वाजता धक्क्यावर पन्नास-साठ माणसं ताटकळत उभी होती, आणि सारंगबाई सुकाणूच्या चाकापाशी हाताची घडी घालून स्वस्थ बसली होती. इंजिन बंद होतं.

बोट चालवणाऱ्याला सारंग म्हणतात, म्हणून ती सारंगबाई. सोळा वर्षं ती नदीच्या मुखाशी या काठावरची माणसं त्या काठावर नेत होती. थंडीत पहिली बोट सव्वासातला सुटायची. पण बोटसेवेचे नवे साहेब आले आणि त्यांनी फलक लावला: नव्या वर्षापासून पहिली फेरी पावणेसातला. बावीस डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस होऊन गेला, आता दिवस वाढायला लागला, मग थंडीचं वेळापत्रक हवंच कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

"बाई, सोडा ना आता!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"दिसायला लागलं की सोडते."

गर्दीतून वाट काढत तिची धाकटी नणंद पुढे आली. ती पलीकडच्या रुग्णालयात नर्स होती. महिन्यापूर्वीच लागलेली, आणि रोज पंधरा मिनिटं उशिरा पोचल्यामुळे मेट्रनची बोलणी खाणारी.

"वहिनी, साडेसातला माझी ड्यूटी लागते. ही वेळ मी साहेबांच्या मागे लागून बदलून घेतलीय. निदान माझी तरी लाज राख."

"लाज मागून राखते, आधी तुला राखते," सारंगबाई म्हणाली. "बस जाऊन. थंडी आहे, शाल घे डोक्यावरून."

बोट सव्वासातलाच सुटली. नणंद वाटभर पाठ करून बसली होती.

दुपारी साहेबांनी कार्यालयात बोलावलं. साहेब तरुण होते, कपड्यांना कडक इस्त्री आणि आवाजालाही. त्यांनी मोबाइल तिच्यासमोर सरकवला.

"हे बघा. बावीस डिसेंबरपेक्षा आजचा दिवस दोन मिनिटांनी मोठा आहे. आता बोला."

"दिवस वाढला, मान्य," ती म्हणाली. "पण कुठल्या टोकाला वाढला?"

"म्हणजे?"

"दोन्ही वेळा वाचा ना साहेब. उगवण्याची आणि मावळण्याची."

साहेबांनी वाचलं. बावीस डिसेंबरला सूर्य सात वाजून सहा मिनिटांनी उगवला होता आणि सहा वाजून चार मिनिटांनी मावळला होता. आज तो सात वाजून दहा मिनिटांनी उगवला होता आणि सहा वाजून दहा मिनिटांनी मावळणार होता. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मग मोबाइल बंद करून चालू केला, जणू चूक त्याचीच होती.

"सकाळ तर अजून उशिराच होत चाललीय," ते पुटपुटले.

"जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जाते. संध्याकाळ मात्र डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच लांबायला लागते. म्हणजे अख्खा दिवसच घड्याळात पुढे सरकतो. धक्क्यावरच्या खांबाची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघत जा. या दिवसांत ती वेळ रोज थोडी उशिरा येते."

"असं का होतं?"

"पृथ्वी तिरकी फिरते आणि तिचा वेगही सारखा नसतो, असं शाळेच्या बाई सांगतात. त्यातलं गणित मला येत नाही. नदी येते."

साहेब हार मानणाऱ्यातले नव्हते. "चार मिनिटांनी असा काय फरक पडतो? बोटीला दिवा आहे की."

"उद्या पावणेसातला या. प्रवासी नकोत, आपण दोघंच. पुढे उभे राहा आणि जाळ्यांच्या खुंट्या मोजा."

नदीच्या मध्यावर मासेमारांनी जाळी बांधायला लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. भरतीला त्यांचं जेमतेम वीतभर टोक पाण्यावर राहायचं. रोज कुठली नवी, कुठली वाकलेली, कुठली तुटून पाण्याखाली गेलेली, याचा नेम नसे.

दुसऱ्या दिवशी साहेब मफलर गुंडाळून हजर झाले. सारंगबाईने ठरल्या वेळेला बोट सोडली आणि अगदी हळू, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पुढे नेली. पाण्यावर धुकं होतं. तिने दिवा लावला, तशी समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. तिने दिवा विझवला, तर काळं पाणी.

"मोजताय ना?" तिने विचारलं.

"दोन... तीन..."

तेवढ्यात उजव्या कुशीला काहीतरी घासलं. कर्रर्र असा आवाज झाला आणि साहेबांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट पकडला. सारंगबाईने इंजिन केव्हाच थांबवलं होतं.

"ही चौथी," ती म्हणाली. "ही तुम्हाला दिसली नाही. मलाही नाही."

ती तिथेच थांबून राहिली. हळूहळू धुकं विरळ झालं, आकाश उजळलं आणि एकेक टोक पाण्यातून वर आल्यासारखं दिसू लागलं. साहेबांनी मोजून सव्वीस खुंट्या सांगितल्या. त्यातल्या अकरा त्यांच्या आजूबाजूलाच होत्या.

परतताना साहेबांनी मफलर सोडून हातात घेतला. धक्का जवळ आल्यावर म्हणाले, "माझं चुकलं. पण बाई, त्या नर्सताईंचं काय करायचं? त्यांचीही अडचण खरी आहे."

"ती माझी नणंदच आहे. सकाळ मला तिला देता येत नाही," सारंगबाई म्हणाली. "संध्याकाळ देता येते. शेवटची बोट नोव्हेंबरपासून पावणेसहाला आहे. आता ती सहाला नेते. उजेड आहे तेवढा."

त्या पंधरा मिनिटांनी काम झालं. रुग्णालयाजवळ राहणारी एक नर्स नणंदेचा सकाळचा अर्धा तास सांभाळायला एका पायावर तयार झाली, कारण तिला संध्याकाळी मुलीला शाळेतून आणायला लवकर निघायचं असायचं. तिचं संध्याकाळचं काम नणंदेने उचललं. पूर्वी हे जमण्यासारखं नव्हतं. सकाळचा उशीर भरून काढायला नणंद संध्याकाळी थांबली की पावणेसहाची बोट हुकायची आणि पुलावरून फिरून येणाऱ्या बसमध्ये दीड तास जायचा. मेट्रनने दोघींच्या अदलाबदलीवर सही केली.

साहेबांनी फलक उतरवला आणि बारा महिन्यांच्या बारा ओळींचा नवा लावला. पावणेसातची बोट मार्चच्या मध्यावर गेली.

पहिल्याच दिवशी सहाच्या बोटीत नणंद येऊन चाकाशेजारच्या फळीवर बसली. तिने शाल डोक्यावरून घेतली.

"वहिनी, त्या दिवशी मी फार बोलले."

"बोललीस कुठे? पाठ केलीस नुसती. तुझी पाठच जास्त बोलते."

नणंद खुदकन हसली. समोर सूर्य पाण्याला टेकत आला होता, आणि खुंट्यांच्या लांब सावल्यांमधून बोट भरवेगाने चालली होती.

दोघी एकत्र घरी पोचल्या तेव्हा सारंगबाईचा नवरा भाजी चिरत होता. त्याने दारात बहिणीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"एवढ्या लवकर? नोकरी सोडलीस की काय?"

"नाही रे दादा," ती चपला काढत म्हणाली. "वहिनीबरोबर आले. सरक, कांदा मी चिरते."