चुकीच्या खोक्यातलं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं, वीतभर लांबीचं, हिरवं इंजिन आहे. टेबलावर रूळ मांडून हौसेने जी छोटी रेल्वे चालवतात, तिच्यातलं. माझ्या खोक्यावर जे लिहिलंय त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. ते खोकं माझं नाही, माझ्या जुळ्या भावाचं आहे. माझ्या वाट्याला आलेलं सगळं त्या पुठ्ठ्यामुळे आलं.

आम्ही दोघे एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालो. एकाच साच्यातून आमची अंगं निघाली आणि एकाच बाईने बारीक कुंचल्याने आमच्या कडेला पिवळी रेघ ओढली. रेघ ओढताना ती श्वास रोखून धरायची, म्हणून ती रेघ आजही सरळ आहे. आमच्यात फरक एवढाच, की पोटाखाली माझा नंबर एकशे सात आणि भावाचा एकशे आठ. तो वाचायचा तर इंजिन उलटं करावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. हातात इंजिन आलं की माणसं त्याचं तोंड बघतात. पोट कोण बघतो?

आम्हाला घरी नेलं ते एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी. मी मनातल्या मनात त्यांना घड्याळकाका म्हणायचो. त्यांच्या मागच्या खोलीत एवढं मोठं टेबल होतं, की खोलीत शिरताना त्यांना पोट आत ओढावं लागे. टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर होते, काड्यापेटीच्या काड्यांचं कुंपण होतं आणि एक स्टेशन होतं. स्टेशनावरचं घड्याळ खरं होतं. कोणा बाईंनी दुरुस्तीला टाकलेलं आणि नेलंच नाही, ते काकांनी तिथे बसवलं होतं. आमच्या गाड्या त्या घड्याळाप्रमाणे सुटत. उशीर झाला तर काका स्वतःशीच माफी मागत.

टेबलाच्या कडेला एक करडा लोखंडी डबा असे. त्याच्यावर काळं गोल बटण. बटण थोडं फिरवलं की रुळात थोडी वीज यायची, जास्त फिरवलं की जास्त. बस, एवढंच शास्त्र. माझं आणि त्या बटणाचं चांगलं जमायचं. काकांचा अंगठा वर्षानुवर्षं लागून ते एका बाजूने गुळगुळीत झालं होतं. दर दोन महिन्यांनी काका मला हिरव्या कापडावर झोपवत आणि सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब देत. दुसरा थेंब कधीच नाही. "एक म्हणजे औषध, दोन म्हणजे हावरटपणा," असं म्हणत. ती माझी सुखाची वर्षं होती. तेव्हा मला ते कळलं नाही, कारण सुखात असताना कोणाला कळतं?

पुढे नवी पद्धत निघाली. तिच्यात रुळांत वीज सतत पुरेपूर भरलेली असते. इंजिनाच्या पोटात एक नखाएवढी चिप बसवतात. हुकूम आला की ती चिप हवी तेवढीच वीज मोटारीला देते. ज्याच्या पोटात चिप नाही त्याला त्या रुळावर ना पुढे जाता येत ना मागे. तो जागच्या जागी गुणगुणत तापत राहतो आणि शेवटी त्याची मोटार जळते. काकांनी भावाला चिप बसवली आणि त्याच्या खोक्यावर लाल शाईने लिहिलं, "चिप बसवली." मग मला उघडलं. पण त्या दिवशी बारीक स्क्रू त्यांच्या चिमट्यातून तीनदा निसटला. त्यांनी मला तसंच मिटलं आणि म्हणाले, "तुझं पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना आला. काका आले नाहीत.

काकू वाईट नव्हत्या हो. पण ज्या टेबलापायी नवरा जेवायला तीनदा हाक मारल्यावर यायचा, त्या टेबलावर त्यांनी प्रेम तरी का करावं? सहा महिने त्यांनी खोलीचं दार उघडलं नाही. मग एके दुपारी पदर खोचून आल्या, आम्हाला ओल्या फडक्याने पुसलं आणि समोर दिसतील त्या खोक्यांत भरलं. "दोघं सारखीच तर आहेत," असं म्हणत त्यांनी मला भावाच्या खोक्यात ठेवलं आणि त्याला माझ्या. मी ओरडलो असतो, पण मित्रांनो, इंजिनाची शिट्टीसुद्धा दुसऱ्याने वाजवावी लागते.

मग काकूंनी आम्हाला विकायला काढलं. भाऊ आधी विकला गेला. त्याचं बरं झालं असणार, कारण चिपवाली इंजिनं जुन्या बटणावरही चालतात. चुकीच्या खोक्यात जाऊनही तो तरला. मी मागे राहिलो.

मग मला बघायला एक ताई आल्या. त्या चष्म्याच्या दुकानात काम करत, दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासत. त्यांचे बाबा पंख्यांच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडून नव्याने तार गुंडाळून देण्याचं काम करायचे. त्यांनी चाळीस वर्षं तेच केलं होतं. खेळण्यांच्या दुकानातली छोटी रेल्वे दिसली, की काचेला नाक लावून उभे राहत आणि म्हणत, "काम थांबलं की आपण एक मांडायची." काम थांबलं, पण वेगळ्याच रीतीने. एका सकाळी उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हे सगळं ताई काकूंना सांगत होत्या आणि मी खोक्यात पडून ऐकत होतो.

"व्यायामाच्या बाई म्हणाल्या, हाताला त्याच्या आवडीचं काम द्या," ताई म्हणाल्या. "म्हटलं, नवीन तर परवडायचं नाही, जुनंच बघू. मला यातलं ओ की ठो कळत नाही बरं का. हे चालेल ना?"

"यांचं काहीही बिघडलेलं नसायचं," काकू म्हणाल्या. आणि ते खरंही होतं.

ताईंनी खोकं नीट वाचलं. लाल शाईतली अक्षरं कागदावर उतरवून घेतली. त्यांची मेहनत बघून माझा जीव तुटत होता. ज्या बाईला दिवसभर बारीक आकड्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही, तिने मला उलटं केलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मला पिशवीत घालून त्या निघाल्या आणि दारात ठेचकाळल्या. "आई गं!"

"अहो, लागलं का फार?" काकू धावल्या. "दार आपटतं ना वाऱ्याने, म्हणून तो डबा लावलाय. यांचंच काहीतरी आहे जुनं. जड आहे, एवढंच त्याचं काम."

पिशवी तिरकी झाली, खोक्याचं झाकण सरकलं आणि मला दिसलं. करडा लोखंडी डबा, त्यावर एका बाजूने गुळगुळीत झालेलं काळं बटण. माझं बटण! ताई अंगठा चोळत त्याच्याकडेच बघत होत्या. हा घ्या, याला मागा, फुकट मिळेल, असं मी पिशवीत आकांताने म्हणत होतो. ताईंनी डबा पायाने सरकवून पुन्हा दाराला नीट लावला आणि त्या जिना उतरल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं माणसं म्हणतात. इथे तर कळसा पायाला लागला होता.

घरी ताईंनी खिडकीशी फळी मांडली, तिच्यावर लंबगोल रूळ जोडले. खोक्यावरचा कागद दुकानदाराला दाखवून नव्या पद्धतीचा, बटणं दाबायचा, पातळ कंट्रोलर आणला. तो खोक्याप्रमाणे अगदी बरोबर होता आणि माझ्यासाठी अगदी चूक. बाबांना खुर्चीत बसवून खुर्ची फळीला लावली. बाबांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती, ती हसली. ताईंनी मला हळूच रुळावर ठेवलं.

"बाबा, बघा हं आता," म्हणत ताईंनी वीज सुरू केली.

मी हललो नाही. गुणगुणू लागलो. ताईंनी एक बटण दाबलं, मग दुसरं. माझ्या पोटात ऊब आली, मग चटका बसू लागला. ताई पुस्तिका चाळत होत्या. मी खोलीतल्या एकेका वस्तूकडे बघत होतो. कोणालाच काही सांगता येत नव्हतं, आणि मलाही नाही.

बाबांचं हसू मावळलं. त्यांनी मान कलती केली, कान माझ्याकडे वळवला. मग नाक वर करून हुंगलं. मित्रांनो, चाळीस वर्षं जळक्या मोटारी उघडलेला माणूस तो! तापलेल्या तारेचा वास त्याला नाही कळणार तर कोणाला? त्यांना सगळं कळलं. ते घशातून ओरडले, नुसता आवाज, शब्द नाही.

"बाबा!" ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आवाज काढलात! आवडलं तुम्हाला? थांबा, अजून जोरात सोडते." आणि त्यांनी वेग पुरा वाढवला.

बाबा पुन्हा ओरडले. उजवा हात उचलायला गेले, तो मांडीवरून हलला नाही. शेवटी सगळं अंग वळवून त्यांनी डावा हात फळीवरून फिरवला आणि मला खाली उडवलं. मी फरशीवर आपटलो. माझा पुढचा दिवा फुटला, एक पायरी तुटली. पण मोटार वाचली. माझा जीव वाचवणारा तो एकच माणूस या जगात होता, आणि त्याला ते सांगता येत नव्हतं.

ताईंनी वीज बंद केली. मग त्यांनी मला उचललं. "नको होतं तर नुसती मान हलवायची होतीत, बाबा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या आणि आत गेल्या. आत नळ सोडल्याचा आवाज आला. भांडं एकही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी एक नवीन सुरू केलं. डाव्या हाताची बोटं हवेत धरायची आणि हळूहळू उजवीकडे फिरवायची. काहीतरी गोल फिरवल्यासारखी. माझ्याकडे बघायचं आणि फिरवायची. ताईंनी लोणच्याची बरणी उघडून दिली. बाबांनी मान फिरवली. मग रेडिओ आणला, किल्ली आणली, हातात स्क्रूही देऊन पाहिला. शेजारचे एक आजोबा येऊन म्हणाले, "मला वाटतं त्यांना पंखा मोठा करून हवाय." पंखा मोठा केला, बाबांना सर्दी झाली. मी फडताळावरून बघत होतो. बटण मागतायत हो ते, जुनं गोल बटण! मोटार गुणगुणली त्यावरूनच ती जुन्या पद्धतीची आहे हे त्यांनी ओळखलं होतं. पण घरातल्या दोघा जाणत्यांपैकी एक मुका आणि दुसरा मी, लोखंडी.

महिनाभराने ताईंनी माझी जाहिरात लिहिली. "चालत नाही. सुट्या भागांसाठी." कोणीतरी घ्यायला तयार झालं. ताईंनी तेच खोकं उघडलं आणि मला बाबांच्या मांडीजवळच्या स्टुलावर ठेवून त्या दोरी आणायला वळल्या. तेवढ्यात बाबांनी मला धरलं. डाव्या हाताने नव्हे. उजव्या. लुळ्या पडलेल्या त्या हाताची बोटं एकेक करून माझ्याभोवती मिटली. फार अशक्त होती, कागद धरावा तेवढीच. पण मिटली.

"बाबा! मूठ! मूठ वळली तुमची!" दोरी टाकून ताई खाली बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडल्या. बाबाही रडले. त्या दोघांचं रडणं एकाच गोष्टीसाठी नव्हतं, हे फक्त मला माहीत आहे.

जाहिरात त्याच संध्याकाळी काढली. आता मी रोज सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं बाबांच्या मुठीत असतो. व्यायामाच्या बाई माझं तोंड भरून कौतुक करतात. "असं नेमकं वजन बाजारात मिळत नाही. जड आहे, हेच याचं चांगलं." हे ऐकलं की मला तो दाराला लावलेला डबा आठवतो. आम्ही दोघे आता वजनावर जगतो. फळीवर औषधांच्या बाटल्या आल्या आहेत, रुळांच्या बरोबर मधोमध. बाबा अंगठ्याने माझं चाक फिरवतात, पाव फेरा, अर्धा फेरा. मला कान लावतात. माझ्या पोटातलं तेल सुकत चाललंय, तेही त्यांना कळतं. त्यांची वाचा परत येईल की नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. तेल आधी संपेल की ती आधी येईल, याचा मी हिशोब करत नाही. मला भीती वाटते.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणाल तेव्हा तिला एकदा उलटी करून बघा. खोकं वाचून तिला ओळखू नका. आणि कोणी रोज तीच खूण करत असेल, तर तुम्हाला सुचेल ते त्याच्या हातात कोंबण्याआधी तो कुठे बघतोय ते बघा. मला एवढं तरी नक्कीच मागता येईल.

आणखी एक मागतो. तुमच्या घरात किंवा शेजाऱ्यांकडे, दार आपटू नये म्हणून काय लावलंय ते वाकून बघा. करडा लोखंडी डबा असला आणि त्याचं काळं बटण एका बाजूने गुळगुळीत असलं, तर घरच्या काकूंना विचारून तो उचला. जपून, जड आहे. चष्म्याच्या दुकानातल्या त्या ताईंकडे द्या. समजावत बसू नका, तुम्हाला जमणार नाही. फक्त बाबांच्या उजव्या हाताखाली ठेवा. पुढचं त्यांना येतं.