नऊ टक्के आणि सतरा नंबर

मित्रांनो, वर्गाच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली पडलेला तो जुना लॅपटॉप म्हणजे मी. माझं बिजागर सैल आहे, त्यामुळे पाठीला शब्दकोशाचा टेकू लागतो. त्यातून स्वभाव पहिल्यापासूनच घाबरट.

कारखान्यातून निघालो तो घरांचे आराखडे काढणाऱ्या एका ऑफिसात गेलो. तिथे पाच वर्षं राबलो आणि मग शाळेत आलो. इथे माझं नशीब उघडलं. बाईंनी माझ्या पडद्यावरून मुलांना काच फुंकणारा कारागीर भेटवला, गुरांची डॉक्टर भेटवली. धड्यातली माणसं समोर येऊन बोलू लागली. "पोरगं गुणाचं आहे," म्हणत हेडसरांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा बिजागर आणखीच सैल झालं.

मग भिंतीवर मोठा पडदा आला. गरज सरो, वैद्य मरो! मी कपाटात गेलो. कोणाला आठवण झाली तर चार्जिंग, नाहीतर उपास.

त्या दिवशी बाईंना जहाजाचं इंजिन शिकवायचं होतं. वर्गातल्या सतरा नंबरची आई जहाजावर इंजिनिअर आहे. ती व्हिडिओ कॉलवर इंजिनाची खोली दाखवणार होती. जहाज बंदराला लागलं होतं. दुपारी सुटलं की पुढे तीन आठवडे फोन नाही. आई जहाजावर गेल्यापासून सतरा नंबर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलाही नुसता हात वर करायची.

नेमकी वीज गेली. मोठा पडदा बंद, म्हणून मला बाहेर काढलं. बॅटरी नऊ टक्के!

बाईंच्या मोबाईलवरून नेट जोडलं, आई दिसली, आणि बाईंनी हजेरीपट उघडला.

"बाई, आधी इंजिन बघू या ना!" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"पाहुणे आले म्हणून हजेरी चुकत नसते. एक नंबर?"

हाच बाईंचा खाक्या. चष्म्यावरून एकेकाकडे बघायचं, मग खूण करायची. मी आतल्या आत तडफडत होतो. आठ टक्के. सहा टक्के.

"सतरा?"

शेवटच्या बाकावर हात वर झाला. पण तेवढं लांबचं मलाच अंधुक दिसतं, तिथे आईला तो हात कुठून दिसणार?

"बाई, माझी पोर आली नाही का आज?" आई पडद्याजवळ सरकली.

बाईंनी चष्म्यावरून शेवटच्या बाकाकडे बघितलं, पण खूण केली नाही. चार टक्के. अहो बाई, पुढचा नंबर घ्या, मी मनात ओरडत होतो.

"हजर," मागून बारीक आवाज आला. मग मोठ्याने, "हजर, आई!"

वर्गात हशा पिकला. आईने बाहीने डोळे पुसले आणि गालभर ग्रीस फासून घेतलं.

"बघा पोरांनो, हा दांडा जहाजाचा पंखा फिरवतो. आत्ता थांबलाय, म्हणून हात लावता येतोय."

पुस्तकात त्याची नुसती बोटभर रेघ होती. इथे तो एका माणसाच्या कवेत मावला नसता. मुलं बाकांवर उभी राहिली.

"आणि सतरा नंबर, तू..." आई म्हणाली, आणि मी विझलो.

बाईंनी मोबाईलवरून पुन्हा लावून बघितला, पण फोन लागला नाही. काय सांगायचं होतं तिला? हीच चिंता मला तीन आठवडे खाते आहे. सतरा नंबर आता रोज तोंडाने हजेरी देते आणि जाता जाता कपाटाकडे बघते. तिच्या आईचं अर्धं वाक्य माझ्यामुळे अडकलं, मित्रांनो.

उद्या जहाज पुन्हा बंदराला लागणार आहे. वीज जाणार नाही, असं कोण छातीठोक सांगेल? जुन्या वस्तूंवर माया करा वगैरे मोठं बोलणं मला जमत नाही. माझी वायर खिडकीपाशी लोंबते आहे. घरी जाताना तेवढी लावून जा. बाई आधी हजेरीच घेणार आहेत.