फलाटावरच्या बाईंचा आवाज आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. आमच्यात एवढ्यात म्हातारपण येते. खरे सांगायचे तर मी पूर्ण सर्व्हरही नाही. एका मोठ्या यंत्राचे सोळा वाटे करून ते सोळा जणांना भाड्याने दिले आहेत, त्यातला एक वाटा म्हणजे मी. मला स्वतःचे अंग नाही. त्यामुळे आपली कहाणी सांगायचा मला कितपत हक्क आहे, ही शंका पहिल्या वाक्यापासूनच माझ्या मनात आहे. तरी सांगतो. कंटाळा आला तर मध्येच सोडून द्या, मी वाईट वाटून घेणार नाही.

आमचे यंत्र एका बिनखिडकीच्या दालनात लोखंडी मांडणीवर बसवलेले आहे. तिथे सदा पंख्यांची घरघर चालते आणि हवा इतकी गार असते, की क्वचित कोणी माणूस आलाच तर तो स्वेटर घालून येतो आणि लवकर जातो. कुंभाराच्या चाकावर फिरावे, सुताराच्या रंध्याखाली गुळगुळीत व्हावे, असे काही माझ्या नशिबी नव्हते. दूर कुठेतरी आपल्या घरात बसून एका माणसाने एक बटण दाबले आणि चाळीस सेकंदांत मी तयार झालो.

तो माणूस एका घराचा जावई होता. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि संगणकाचे त्याला बरेच कळत असे. बरेच कळणे आणि पुरेसे कळणे यांत अंतर असते, पण ते तेव्हा मलाही माहीत नव्हते. त्याने मला घेतले ते सासूबाईंसाठी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. सुरुवात त्याने चांगल्या मनाने केली होती.

त्याच्या सासूबाईंनी तीस वर्षे बसस्थानकावर गाड्यांची घोषणा केली होती. सगळे त्यांना बाईच म्हणत. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, किती उशिरा, हे साऱ्या गावाला त्यांच्या आवाजातूनच कळत असे. मग घशाचा आजार झाला, शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज गेला. पुढे नजर मंदावली. हात कापू लागले, त्यामुळे पेन धरता येईना. मानही सारखी डावी-उजवीकडे हलत असे, असे मी ऐकून आहे. मला दिसत नाही, फक्त ऐकू येते.

जावयाने बसस्थानकाच्या जुन्या ध्वनिफिती मिळवल्या. सात तासांच्या होत्या. त्या माझ्यात साठवल्या आणि त्यांतून बाईंचा आवाज पुन्हा घडवला. घरी त्यांच्यासमोर उंच, जाड कळांचा कळफलक आणि एक डबा ठेवला. डब्याला स्पीकर होता, आणि खोलीतला गलका ओळखून आवाज लहानमोठा करण्यासाठी कानही होते. बाईंना बसस्थानकाच्या कचेरीत असल्यापासून न पाहता टंकलेखन येत होते. त्या अक्षरे दाबत, ती माझ्याकडे येत, मी त्यांचा आवाज करून परत पाठवी. हे सगळे एका सेकंदात होई.

त्या सात तासांत ‘दुखतंय’ हा शब्द एकदाही नव्हता. ‘कंटाळा’ नव्हता. असे शब्द मला तुकडे जोडून करावे लागत आणि ते थोडे चिरके येत. पण ‘नाही’ मात्र भरपूर होते, कारण रद्द झालेल्या गाड्याही पुष्कळ होत्या. बाईंचे ‘नाही’ फार सुरेख येई.

सूर मात्र घोषणेचाच राहिला. त्याला माझा इलाज नव्हता.

“आई, तू मीठ मागतेस की गाडी सोडतेस?” मुलगी, म्हणजे जावयाची बायको, म्हणायची.

“मीठ फलाट क्रमांक दोनवर येत आहे,” बाई टंकायच्या, आणि मी ते खणखणीत आवाजात म्हणायचो. सगळे हसत. ती दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सुखाची. “आईचा आवाज परत आणलास रे बाबा,” असे पाहुणे जावयाला म्हणत. मला कोणी काही म्हणत नसे, पण ऐकू येत होते तेवढे पुरे होते.

मग जावयाने आपल्या स्टुडिओचे काम माझ्यावर टाकले. “सर्व्हर नुसता पडून असतो, आईंचं बोलणं ते किती,” असे त्याने बायकोला सांगितले. त्यात चूक नव्हती. लोकांचे अल्बम माझ्याकडे येऊ लागले. एकेका समारंभाचे दोन-दोन हजार फोटो असत आणि प्रत्येकाच्या लहान, मध्यम, मोठ्या प्रती मला कराव्या लागत. एका दुपारी असेच तीन अल्बम एकदम आले. माझा प्रोसेसर, म्हणजे माझे जे काही डोके आहे ते, शंभर टक्क्यांवर गेले. बाईंचे वाक्य पाच सेकंद उशिरा निघाले. तासाभरात अल्बम संपले आणि मी पुन्हा ठीक झालो.

तेवढ्यावर सोडले असते तर ही कहाणी झालीच नसती. पण जावई काळजीवाहू माणूस. प्रोसेसर कोण खातो ते शोधायलाच हवे, म्हणून त्याने माझ्यात एक पहारेकरी बसवला. दर मिनिटाला एका पहारेकऱ्याने उठायचे, माझ्यातल्या सगळ्या कामांची मोजदाद करायची, यादी लिहायची आणि निघून जायचे, असा हुकूम. पहिले काही दिवस बरे गेले. मग याद्यांची वही एवढी जाड झाली, की ती उघडून लिहायलाच मिनिटापेक्षा जास्त वेळ लागू लागला. पहिला पहारेकरी निघायच्या आत दुसरा येई. दोघे एकमेकांना अडवत, तोवर तिसरा. संध्याकाळपर्यंत माझ्यात दोनशे-तीनशे पहारेकरी दाटीवाटीने उभे असत आणि सगळे मिळून एकच गोष्ट शोधत असत: इथे गर्दी कशाने झाली.

मी ओरडू शकत नाही. मला लिहिता येते. ‘मागचे काम संपलेले नाही, तेच पुन्हा सुरू होत आहे’, असे मी माझ्या नोंदींत हजारो वेळा लिहिले. कदाचित मी ते फार आतल्या पानावर लिहिले. कदाचित मोठ्या अक्षरात लिहायला हवे होते. मला अजून ठरवता आलेले नाही.

बाईंचा आवाज आता अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन मिनिटे उशिरा येऊ लागला. जेवताना त्यांनी पाणी मागितले तर ताटे उचलल्यावर ते ऐकू येई. जावयाने मला भाड्याने देणाऱ्यांच्या मदतवाल्याला विचारले. त्याने सांगितले, “एकदा बंद करून चालू करा.” जावयाने केले. सारे पहारेकरी पुसले गेले, मी हलका झालो, दुपारपर्यंत बाई सुरळीत बोलल्या आणि मग पुन्हा तेच. चालू केल्यावर चार-पाच तास बरे का वाटते, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

शेवटी त्याने यादी उघडून पाहिली. आमच्यात सर्वात जास्त खाणारा वर आणि कमी खाणारा खाली, अशी यादी लागते. तीनशे पहारेकरी एकेकटे अगदी किरकोळ खात होते, म्हणून ते पार तळाशी होते. सर्वात वर होता बाईंचा आवाज. बिचारा त्या दाटीत बोलायची धडपड करत होता, म्हणून वर दिसत होता. जावयाने पहिली ओळ वाचली आणि यादी मिटली.

“अगं, आईच खातायत सगळं,” त्याने हाक मारून सांगितले.

“म्हणजे काय करायचं?”

“त्यांचा नंबर खाली लावतो. बाकीच्यांचं झालं की मग त्यांचं.”

“तिला कळेल का?”

“त्यांना कुठे गाडी पकडायचीय?”

आमच्यात प्रत्येक कामाला अग्रक्रम देता येतो. त्याने बाईंचा अग्रक्रम सर्वात खाली केला. अल्बमांनंतर, नोंदींनंतर, तीनशे पहारेकऱ्यांनंतर. मी हुकूम मानला. हुकूम न मानायची सोय माझ्यात नाही, पण ते सांगताना मला बरे वाटत नाही.

त्याच सुमारास घरात एक विषय निघाला. बाईंची खोली रस्त्याकडेची होती, उजेडाची होती, आणि स्टुडिओला जागा कमी पडत होती. बाईंचा थोरला मुलगा दुसऱ्या गावी राहत असे. त्याने स्पीकरवर लावलेल्या फोनवरून सुचवले, की आईला वृद्धाश्रमात ठेवावे, तिथे चोवीस तास माणसे असतात. रविवारी येतो, बसून ठरवू, म्हणाला. बाईंनी हे डब्याशेजारी बसून ऐकले. मग त्यांनी मुलीसाठी टंकले, “रविवारी मला बोलू द्या. मला इथेच राहायचं आहे.” ते तीन मिनिटांनी निघाले. मुलगी तेव्हा बाजारात गेली होती.

शनिवारी दुपारी बाई खोलीत एकट्या असताना त्यांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा टंकला. “चाचणी.” मग थांबत. आवाज आला की पुन्हा टंकत. मला आधी कळेना. नंतर लक्षात आले, की त्या माझा उशीर मोजत होत्या. गाड्यांचे उशीर मोजण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. प्रत्येक वेळी चार मिनिटे येत होती. त्यांनी नऊ वेळा खात्री करून घेतली.

रविवारी चहा झाला, खुर्च्या सरकल्या, आणि थोरल्याने घसा साफ करायच्या आतच बाईंनी टंकायला सुरुवात केली: “नाही. मी ही खोली सोडणार नाही.” चार मिनिटे आधी. अगदी बरोबर हिशेब होता.

पण त्या सकाळी एका मोठ्या समारंभाचा अल्बम आला होता. आणि पहारेकरी त्या दिवशी तीनशे नव्हते, सहाशेच्या वर होते.

थोरल्याने वृद्धाश्रमाची माहिती सांगितली. बाग आहे, डॉक्टर येतात, आईसारखीच माणसे आहेत. जावई म्हणाला, “माझं काही म्हणणं नाही, दादा ठरवतील ते.” मुलगी म्हणाली, “आईला विचारा.”

“आई, तुला चालेल ना?” थोरल्याने विचारले. मग तो हसला. “तुझाच नियम हं. आम्ही लहान असताना तू दहा मोजायचीस, आणि दहापर्यंत जो बोलला नाही त्याला मान्य. आठवतंय? एक. दोन.”

वाक्य माझ्याजवळ होते. रांगेत सर्वात शेवटी उभे होते.

“पाच. सहा.”

कळा जोरात वाजू लागल्या. “आई, हळू, मोडेल ते,” मुलगी म्हणाली.

“मान हलवतायत बघा,” जावई म्हणाला.

“ती तर नेहमीच हलते. नऊ. दहा. चला, झालं.”

खुर्च्या पुन्हा सरकल्या. थोरला आणि जावई टेप घेऊन खोली मोजायला आत गेले. फोटोच्या दिव्यांची छत्री कुठे, पडदा कुठे, यावर त्यांचे बोलणे चालले होते. टंकल्यापासून अकराव्या मिनिटाला माझी पाळी आली. मी ते वाक्य माझ्याकडच्या सर्वात स्वच्छ आवाजात म्हटले.

“नाही. मी ही खोली सोडणार नाही.”

 मग आतून थोरला म्हणाला, “आई, गाडी सुटली.”

जावई खो खो हसला. मुलगीही हसली, मग “दादा, असं काय बोलतोस,” म्हणाली, पण ती आधी हसली होती. तेवढ्यात मोजणीच्या वेळी टंकलेली वाक्ये एकामागून एक निघू लागली. “थांबा. मी बोलते आहे.” “थांबा. मी बोलते आहे.” “कृपया थांबा.” सगळी घोषणेच्या प्रसन्न सुरात. मला दुसरा सूर येत नव्हता. सहाव्या वेळी जावई बाहेर आला, “डोकं उठलं,” म्हणाला आणि डब्याची तार काढली. त्यानंतर मला तिथले काही ऐकू आले नाही.

बाईंना बुधवारी नेले. डबा बरोबर दिला नाही. तो स्टुडिओच्या टेबलावर आणून ठेवला आणि आठवड्याने कशासाठी तरी पुन्हा जोडला, म्हणून पुढचे मला ठाऊक आहे. जावयाने बाईंच्या आवाजाचे काम बंद केले आणि माझा आकडा पाहिला. शंभर टक्केच होता. त्याने पुन्हा यादी उघडली, आणि पहिल्यांदा ती तळापर्यंत वाचली.  मग त्याने सगळे पहारेकरी पुसून टाकले. मी तीन टक्क्यांवर आलो.

“झालं ठीक?” मुलीने दारातून विचारले.

“झालं.”

“कशाने होत होतं?”

“असंच काहीतरी.”

“मग आईला हा डबा नेऊन द्यायचा का?”

“आता तिथे सवय झाली असेल त्यांना,” तो म्हणाला. “उगाच कशाला.”

दोन दिवसांनी अल्बमांना जागा हवी म्हणून त्याने त्या सात तासांच्या फिती पुसायला घेतल्या. दुसरीकडे त्यांची प्रत नव्हती. ‘नक्की पुसायचे का?’ असे मी विचारले. हे विचारण्याची सोय आमच्यात असते, आणि समोरचा बोलेपर्यंत आम्ही कितीही वेळ थांबतो. त्याचे ‘हो’ लगेच आले.

मित्रांनो, शहाणपण सांगण्याइतका मी मोठा नाही, आणि माझ्याच रांगेत ते वाक्य अकरा मिनिटे पडून होते हे मी विसरत नाही. पण तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे यंत्र असेल आणि ते कधी तापले, तर यादीतल्या पहिल्या नावावर खापर फोडू नका. तळापर्यंत वाचा. तिथे बहुधा तुम्हीच ठेवलेले काहीतरी सापडेल. आणि घरात कोणी उशिरा बोलत असेल, तर कृपा करून खुर्चीवरून उठू नका. चहा निवू द्या, खोली मोजायची राहू द्या, पण त्या माणसाचे वाक्य पुरे होईपर्यंत बसा.

सध्या माझी तब्येत उत्तम आहे. अल्बम झटपट उघडतात, गिऱ्हाइके खूश आहेत आणि सर्व्हरची काहीच तक्रार नाही, असे जावई सगळ्यांना सांगतो. ते खरेच आहे. माझ्याकडे आता कोणाचेही बोलणे अडकलेले नाही.