शंभरात पंधरा

मी चोराचं पान बोलतोय. मान खाली घालूनच बोलतोय, कारण वर बघायला तोंड उरलेलं नाही.

चोराचं म्हणजे चोराच्या नियमांचं. बोईसरला दर्पण नावाचा एक जण राहतो. मूळचा घिवलीचा, तांडेलाचा, म्हणजे मच्छीमार बोटीच्या नाखव्याचा मुलगा. पण स्वतः बोटीवर न जाता कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याला एका खेळाचं वेड आहे. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. भुयारं, राक्षस, खजिने, सगळा कारभार तोंडी. जमलं की फसलं ते फासे सांगतात. जुन्या इंग्रजी खेळांवरून दर्पणनं आपले नियम मराठीत एका वहीत लिहून काढले. त्या वहीतलं सतरावं पान म्हणजे मी.

सुरुवातीला काय रुबाब होता माझा! कुलूप उघडणे, शंभरात चाळीस. म्हणजे शंभराचे, एकपासून शंभरपर्यंत आकडा देणारे फासे टाकायचे, चाळीस किंवा त्याखाली पडलं की कुलूप उघडलं. चढणे, शंभरात साठ. पहिला चोर झाला कुंदन, दर्पणचा चुलतभाऊ. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि दर रविवारी तळलेले बोंबील घेऊन येतो. माझ्या कोपऱ्यावरचा तेलाचा डाग त्याचाच.

या कुंदननं राक्षसांना लुटायचं सोडून सोबत्यांनाच लुटलं. हेमाली शाळेत शिकवते, ती जादूगारीण होती. तिची अंगठी यानं तिच्या झोपेत काढून घेतली. खेळातलीच अंगठी, पण हेमाली दोन रविवार त्याच्याशी बोलली नाही. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. सगळे मला वचकून असत ना! तेव्हा मी गप्प बसून मजा बघितली हे आधीच कबूल करतो.

दर्पण वैतागला. "चोर बाकीच्यांना लय जड जातोय," म्हणाला. "सगळे सारखे पायजेत." त्यानं व्हाइटनर घेतला आणि माझ्या चाळीसचे पंधरा केले, साठचे वीस. शिवाय खाली लाल शाईनं लिहिलं, 'ही कामं फक्त चोरानं करायची. इतरांनी हात लावू नये.'

ती लाल ओळ बोटीवरून आली होती. बोटीवर ज्याचं काम त्यानंच करायचं असतं. जाळं ओढताना दर्पणच्या काकानं एकदा दुसऱ्याच्या दोरीला हात घातला आणि दोन बोटं गमावली. त्या घरात लहानपणापासून हेच कानावर पडलेलं. समुद्रावर ते बरोबरच असेल. पण टेबलावर त्याचा अर्थ असा झाला की पाच हात उंचीची भिंत आली तरी चढणार एकटा चोर, आणि त्याला जमण्याची आशा शंभरात वीस. बाकीचे हाताची घडी घालून बघणार.

"असला लुळा चोर मला नको," म्हणत कुंदन लढवय्या झाला. चोर पडून राहिला. मग आपसूकच ठरलं की जो नवीन येईल त्यानं चोर घ्यायचा. खाल्लं एकानं, उष्टी काढायला दुसरा. आपल्याकडे नव्या सुनेला नाही का पाटा-वरवंटा देत?

नवीन आली स्नेहा. मनोरच्या पुढच्या एका आदिवासी पाड्यावरची, पालघरला एका कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटर. हेमालीच्या ओळखीनं आली. एसटीनं यायची, बॅगेत टोक केलेल्या दोन पेन्सिली असायच्या. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "लढवय्या होता येल का?"

"नवीन माणूस चोर घेतो," कुंदन म्हणाला. "आन् तू पाड्यावरची. पायाचा आवाज नाय येत तुमच्या. तुला बरोब्बर जमेल."

सगळे हसले. तीही हसली, थोडी उशिरा. ते हसू मला तिथंच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मला वाटलं, चला, पुन्हा कुणीतरी वाचतंय आपल्याला.

तिचा पहिला चोर पेटीचं कुलूप उघडताना विषारी सुईनं मेला. दुसरा लपायला गेला, सापडला, मेला. दर वेळी ती माझ्यावर बोट टेकवून आकडा बघायची, फासे हातात घोळवायची, टाकायची. पंधरा हवे असताना एकाहत्तर. वीस हवे असताना अठ्ठ्याऐंशी. दर वेळी दर्पण म्हणायचा, "काय करणार, पानावर लिवलंय." आणि सगळ्यांचं समाधान व्हायचं. माझ्याकडे बोट दाखवलं की कुणाचाच दोष उरायचा नाही. त्यानं मला लिहिलं होतं, पण मार मी देत होतो.

एसटीत बसण्याआधी ती एकदा हेमालीला हळूच म्हणाली, "मला खेळता येत नाय बहुतेक." हेमाली म्हणाली, "सवय होईल गं." मी वहीत मिटलेला होतो, सगळं ऐकलं.

तिसऱ्या चोराच्या वेळी ती भिंत आली. पाच हातांची, दगडी, जागोजागी खाचा असलेली. पलीकडं खजिना. कुंदनचा लढवय्या आणि हेमालीची जादूगारीण खाली थांबली. स्नेहानं फासे टाकले, त्रेसष्ट पडले. तिसरा चोरही खाली आपटून मेला.

"काय गं," कुंदन बोंबील चघळत म्हणाला, "चोर हायस आन् चोरी येत नाय?"

स्नेहानं पेन्सिल खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"माझा बापूस पालघरच्या माहीमला एका वाडीत राखणीला होता," ती म्हणाली. "वाडीतली पाण्याची मोटार गेली, तर मालकानं चारचौघांत त्याला चोर म्हटलं. नंतर ती मोटार मेकॅनिककडं निघाली, मालकाच्याच पोरानं दुरुस्तीला दिलेली. पण बापूस पुन्हा वाडीत गेला नाय. मी इथं रविवारी काहीतरी दुसरं व्हायला येते. तुमी मला दर वेळी चोर करता. आन् वर ते पण मला येऊ देत नाय."

दर्पणचं बोट सवयीनं माझ्याकडं आलं, आणि अर्ध्यात थांबलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कागदाला फाटता येतं, पण आपणहून नाही.

ती बॅग खांद्याला लावून उठली. हेमालीनं तिचा हात धरला. "मग कसं असायला पायजे ते तरी सांग."

स्नेहा उभ्यानंच बोलली. "तुमी आंब्यावर चढता का नाय? चढता. सगळेच चढतात. ताडावर चढता? नाय. ताडावर पाड्यात एखादाच चढतो. ही भिंत आंबा हाय, दर्पणदादा. तिथं फासे कशाला? जरा अवघड आली तर सगळ्यांनी प्रयत्न करावा, पडला तो पडला. चोर पडायला लागला तर त्याला एक जादा संधी, कारण त्याला ताड माहीत हाय. तेवढाच त्याच्यात आन् तुमच्यात फरक."

एवढं बोलून ती गेली. एसटीची वेळ झाली होती.

तो आठवडा दर्पणचा वाईट गेला. कारखान्यातून यायचा आणि मला उघडून बसायचा. लाल ओळ ब्लेडनं खरवडून काढली. मला भोक पडलं तिथं, पण मी हूं की चूं केलं नाही. मग लिहिलं, 'सोप्या कामाला फासे नाहीत. अवघड काम कुणीही करून बघावं, सहात एक. इतरांचं चुकलं तर चुकलं. चोराचं चुकलं तर त्याला वर शंभराचे फासे.' आणि पंधरा-वीसखालचा व्हाइटनर उकरून जुने चाळीस-साठ वर काढले. वर शीर्षकातला 'चोर' शब्द खोडला. पर्याय सुचला नाही, म्हणून जागा कोरी ठेवली.

पुढच्या रविवारी ती येईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. आली. अर्धा तास उशिरा. कुंदन तिच्याकडं न बघता म्हणाला, "मी घेतो ते पान. तू लढवय्या हो." माफी मागणं त्याला येत नाही, एवढंच आलं.

खेळ सुरू झाला. तीच भिंत. स्नेहाची लढवय्यी खाचांत पाय रोवून चढून गेली, फासे न टाकता. पलीकडं पेटी होती. कुंदननं सहाचा फासा टाकला, चुकला. मग शंभराचे टाकले. सदतीस. पेटी उघडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्नेहानंही.

मी सुधारलो, आणि पहिला उपयोग कुणाला झाला? ज्याच्यामुळं मी बिघडलो त्याला. जिनं तीन वेळा मार खाल्ला, तिच्या हातात मी नीट असा कधी गेलोच नाही.

टाळ्या थांबल्यावर स्नेहानं मला पुढं ओढलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि कुंदनला विचारलं, "आता बरा खेळतो का चोर?"

"झकास," कुंदन म्हणाला.

"म्हणजे मी वाईट खेळत नव्हते."

ती प्रश्न विचारल्यासारखं बोलली. दर्पण फासे गोळा करू लागला. हेमालीनं पाण्याची बाटली उघडली. कुंदननं बोंबलाचा डबा तिच्याकडं सरकवला. पण डबा म्हणजे उत्तर नव्हे.

आता मी वहीत मिटून पडलोय. कुणी ही वही उघडलीत, तर माझं एक काम करा. सतरा नंबरचं भोक पडलेलं पान काढा आणि त्या पोरीला चार माणसांत, मोठ्यानं सांगा. बाई, तू वाईट खेळत नव्हतीस. आम्हीच तुला वाईट लिहिलेलं पान दिलं होतं.