अजातशत्रूचा सत्कार

पुण्यात संध्याकाळी कुठल्याही सभागृहात डोकावा, गळ्यात हार घातलेला एक अजातशत्रू तिथे बसलेला असतोच. त्यातले निम्मे माझे आहेत. मी नूरबानू तांबोळी, कसबा पेठेतली मराठीची निवृत्त शिक्षिका. मी मानपत्रं लिहिते. ज्यांनी जन्मभर शेजाऱ्यांना कोर्टात खेचलं त्यांना मी 'निर्भीड' केलं, आणि ज्यांना घरात कोणी बोलूच देत नव्हतं त्यांना 'मितभाषी'. सत्कारमूर्ती खूश, समिती खूश. माझं काय जातं?

मग माझ्या मुलीनं, आयेशानं, माझ्या लॅपटॉपवर आपोआप दुरुस्ती करणारी सोय चालू करून दिली. ती खराडीला आयटीत आहे, त्यामुळे घरात जे नीट चाललंय ते बदलल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"अम्मी, तुझी जुनी सगळी मानपत्रं फीड केलीत. आता ते एकदम तुझ्यासारखंच लिहिणार."

अशातच आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचे रंगराव शितोळे पंचाहत्तरीचे झाले आणि त्यांचं मानपत्र माझ्याकडे आलं. रंगरावांचा जीव पुस्तकांवर, वाचकांवर फक्त वटारलेले डोळे. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की माणसाला पायरीवरच उभं करून झाडतात. ते स्वतः माझ्या दारात आले.

"बाई, तुमचा तो अजातशत्रू माझ्या मानपत्रात आला, तर मी व्यासपीठावरून उतरून घरी जाईन. माझे शत्रू मी मेहनतीनं जमवलेत."

मला हसू आलं, पण ते थट्टा करत नव्हते. शिवाय या एका माणसाबद्दल मला खरं लिहायचंच होतं, कारण मी त्यांची ऋणी होते आणि तसं कधी बोलले नव्हते.

लिहायला बसले. 'रंगरावांचं कोणाशी पटत नाही' असं लिहिलं की खाली निळी रेघ, आणि शेजारी सूचना: 'रंगराव सर्वांनाच आपलेसे वाटतात.' 'ते भांडतात' म्हटलं, तर 'ते मार्गदर्शन करतात.' मला त्या यंत्राचा संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. ही सगळी वाक्यं माझीच होती. मी एकही सूचना घेतली नाही. रेघांनी भरलेला मजकूर तसाच ठेवला आणि छापून, फ्रेम करून आणायला आयेशाला सांगितलं.

सत्काराच्या संध्याकाळी माइकवर माझं नाव पुकारलं, तेव्हा आयेशा धावत आली आणि गुंडाळलेली फ्रेम माझ्या हातात कोंबली.

"अम्मी, केवढ्या मिस्टेक्स होत्या! एका क्लिकमध्ये सगळ्या काढून टाकल्या."

तिचं बोलणं डोक्यात शिरेपर्यंत मी वरचा कागद काढून वाचायला लागले होते. इतक्या वर्षांची सवय, डोळ्यांच्या आधी तोंड वाचतं. "मितभाषी, मनमिळाऊ, अजातशत्रू..."

रंगराव उठले. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्यांकडे चालू लागले.

"रंगराव, थांबा!" मी माइकमध्येच ओरडले. "हे मीच लिहिलेलं आहे, पण तुमच्यावर नाही."

ते थांबले. वळले मात्र नाहीत. मी फ्रेम बाजूला ठेवली.

"माझे यजमान, कासिम, गेले तेव्हा अख्खी गल्ली माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायचे ते इद्दतीचे महिने मी काढले. ते संपले त्या दिवशी हा माणूस दारात येऊन खेकसला, 'कासिमभाईंनी नेलेलं पुस्तक कधी परत करताय? आणि उद्यापासून दुपारी वाचनालयात येऊन पुस्तकांची कार्डं लावा, मला दिसत नाही.' मी रागानं गेले. रोज गेले. तो राग नसता तर मी अंथरुणातून उठलेच नसते. आणि यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं."

"झालं होतं!" रंगराव पायरीवरून गरजले. "चुकीचं सांगू नका. मोतीबिंदू होता."

"मग त्या दिवशी आत ठेवलेल्या त्याच पुस्तकाचा दुमडलेला कोपरा तुम्हाला दाराबाहेरून कसा दिसला?"

सभागृह हसलं. रंगराव हसले नाहीत. ते परत वर आले, त्यांनी फ्रेम उचलली, उलटी केली आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"मागचा पुठ्ठा कोरा आहे. आत्ता बोललात ते इथे लिहा. तुमच्या अक्षरात." मग आवाज जरा खाली आला. "आणि मोतीबिंदू लिहा."

मी लिहिलं. सगळ्या मजकुरात तेवढी एकच दुरुस्ती मी मान्य केली.